फ्लूची लस पोळ्याला नको, अक्षय्य तृतीयेला हवी

नाशिकमध्ये फ्लूच्या लशीची चौकशी सुरू होते ती साधारण पोळ्याच्या आसपास. तोवर पावसाळा निम्म्याहून अधिक सरलेला असतो. दवाखान्यांबाहेर खोकणाऱ्यांची गर्दी असते, घरोघरी कुणीतरी तापाने झोपलेले असते आणि वर्तमानपत्रात ‘स्वाइन फ्लूचा बळी’ अशी एखादी बातमी येऊन गेलेली असते. मग मंडळी फॅमिली डॉक्टरांना फोन लावतात. लस टोचल्यावर शरीरात विषाणूशी लढणारी पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणजे पोळ्याला घेतलेली लस कामाला लागते अनंत चतुर्दशीला, आणि तोपर्यंत त्या वर्षीची लाट ओसरू लागलेली असते.

मग लोक म्हणतात, ‘घेतली होती, काही उपयोग झाला नाही.’ फ्लूची लस अपुरी आहे हे खरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण नाशिकमध्ये ती जेवढी अपुरी ठरते, त्यातला मोठा वाटा आपण ती कधी देतो आणि कुणाला देतो याचा आहे. विषाणू कसा बदलेल ते आपल्या हातात नाही. महिना निवडणे आणि माणसे निवडणे मात्र महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या हातात आहे. तिथे चूक होत असेल तर ती बोलून दाखवली पाहिजे.

आधी ऋतूचे पाहू. फ्लू म्हणजे थंडीचा आजार ही आपली समजूत युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेली आहे. श्रीनगरला ती लागू पडते, कारण तिथे फ्लू हिवाळ्यात जोर धरतो. पण देशाच्या बहुतेक भागात त्याचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा आहे, जून ते सप्टेंबर. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर देशभरातल्या प्रयोगशाळांनी सलग काही वर्षे घशातले नमुने तपासून हे चित्र पक्के केले आणि त्यातूनच सल्ला पुढे आला, की काश्मीर वगळता बहुतेक भारतात लस एप्रिल-मेमध्ये द्यावी. आपल्याकडे थंडीतही एक दुसरी, बहुधा लहान लाट येते. २०२३ च्या सुरुवातीला फ्लूच्या एच३एन२ या प्रकाराने महाराष्ट्रभर खोकल्याचे जे थैमान घातले ते अनेकांच्या लक्षात असेल. तरीही एकच वेळ निवडायची असेल, तर ती पावसाळ्याआधीचीच. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या वाचून डिसेंबरात लस शोधणारा माणूस मुख्य हंगाम आधीच हुकवून बसलेला असतो. त्याने डिसेंबरात घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत बरीच ओसरते, कारण या लशीचे संरक्षण महिन्यामहिन्याने घटत जाते आणि वयस्कर शरीरात ते अधिक लवकर घटते.

याहून कमी माहीत असलेली एक अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात. फेब्रुवारीत ते उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी लशीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवतात, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. ठरल्यापासून लस बाजारात यायला सुमारे सहा महिने लागतात, कारण जगातली बहुतेक फ्लू लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवूनच तयार होते. भारत उत्तर गोलार्धात आहे, त्यामुळे आपल्यासाठी उत्तरेचीच लस योग्य, असे कुणालाही वाटेल. पण ती येते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे नाशिकचा हंगाम निम्मा उलटल्यावर. याउलट सप्टेंबरात ठरलेली दक्षिणेची लस मार्च-एप्रिलमध्ये तयार असते. नकाशावर आपण उत्तरेत असलो तरी लशीच्या वेळापत्रकात दक्षिणेशी जुळतो. म्हणून लस घेताना डब्यावर कोणते वर्ष आणि कोणता गोलार्ध छापला आहे ते वाचून घ्यावे. डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात आणि विचारला तर कुणी रागावत नाही.

दरवर्षी नवी लस का लागते, हेही समजून घ्यायला हवे, कारण त्याचे कारण कळले नाही तर ‘हा औषध कंपन्यांचा धंदा आहे’ हा संशय बळावतो. फ्लूच्या विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो. त्याची नक्कल करताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी सोय या विषाणूकडे नाही. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत थोडी थोडी बदलत जातात. आपली प्रतिपिंडे याच प्रथिनांना ओळखतात. दोन-तीन वर्षांत चेहरा इतका बदलतो की जुनी ओळख पुरत नाही. कधी कधी दोन वेगवेगळे फ्लू विषाणू एकाच प्राण्यात शिरतात आणि त्यांचे तुकडे सरमिसळ होऊन अगदीच नवा विषाणू जन्माला येतो. १९५७, १९६८ आणि २००९ च्या जागतिक साथी अशाच सरमिसळीतून आल्या. आपल्या नाशिक विभागातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला, तेव्हा सारा महाराष्ट्र का हादरला होता त्याचे कारण हेच. कोंबडीतला विषाणू माणसात सहज पसरायला शिकला, तर त्याच्याविरुद्ध कुणाच्याच शरीरात ओळख नसेल.

तर तज्ज्ञ फेब्रुवारीत जो अंदाज बांधतात तो पुढच्या हिवाळ्याचा असतो आणि मधल्या सहा महिन्यांत विषाणू थांबत नाही. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत हेच झाले. निवड झाल्यावर एच३एन२ बदलला आणि त्या वर्षी लशीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली. एच३एन२ ची आणखी एक खोड आहे. अंड्यात वाढताना तो अंड्याशी जुळवून घेण्यासाठी स्वतः बदलतो, त्यामुळे कधी कधी निवड बरोबर असूनही लशीतला विषाणू बाहेर फिरणाऱ्या विषाणूपेक्षा वेगळा निघतो. पेशींत वाढवलेल्या आणि विषाणू न वाढवता थेट प्रथिन बनवणाऱ्या लशी यावर उत्तर म्हणून आल्या आहेत, पण त्या महाग आहेत. सगळ्या प्रकारांवर चालणारी एकच लस शोधण्याचे काम कित्येक वर्षे सुरू आहे आणि अजून हाती लागलेले नाही. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सोपी झाली. इन्फ्लुएन्झा बी विषाणूची यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीशीर आढळलेली नाही, म्हणून आता चार प्रकारांची लस सोडून पुन्हा तीन प्रकारांच्या लशीकडे जावे असा जागतिक सल्ला आहे. चार प्रकारांची म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ उरलेला नाही.

मग ही लस वाचवते तरी किती? लशीतले विषाणू आणि हवेतले विषाणू बऱ्यापैकी जुळले, तर फ्लू होऊन डॉक्टरकडे जाण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. जुळले नाहीत तर त्याहून कमी. गोवर किंवा पोलिओच्या लशीशी तुलना केली तर हा आकडा फिका वाटतो. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी तो पाऊस यायच्या आधी करतो, पानावर डाग दिसल्यावर नाही, आणि फवारूनही काही घड गेले म्हणून पुढच्या वर्षी फवारणी सोडत नाही. निम्मे नुकसान टळणे म्हणजे काय, हे त्याला बागेच्या हिशेबात कळते. आजाराच्या बाबतीत आपण हा हिशेब करायला का नाकारतो, हे मला खरोखर कळत नाही. शिवाय लस घेऊनही ज्यांना फ्लू झाला, त्यांच्यात अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याचे प्रमाण कमी राहते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून लशीचे मोल केवळ ताप येतो की नाही यावर ठरवता येत नाही. ऑक्सिजन लागला का, व्हेंटिलेटर लागला का, माणूस घरी परतला का, हे पाहिले पाहिजे.

दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, लस घेतल्यावरही सर्दी झाली. सर्दी-पडसे देणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि फ्लूची लस त्यांच्यापैकी फक्त फ्लूवर चालते. ज्याला खरा फ्लू होऊन गेला आहे, तो या दोन्हींत गल्लत करणार नाही. दुपारपर्यंत धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी १०२-१०३ तापाने, अंग मोडून, उठता येत नाही अशा अवस्थेत पडतो. दुसरी तक्रार, लशीनेच फ्लू होतो. दंडात टोचण्याच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकेच. गियां-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार लाखो डोसांमागे एखाद्याला होऊ शकतो, ही जोखीम खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. पण हाच आजार खुद्द फ्लू झाल्यावरही होतो. काढा, गुळवेल, वाफ यांनी घशाला बरे वाटत असेल तर जरूर घ्यावे, त्याला विरोध असायचे कारण नाही. मात्र विषाणूची आधीपासून ओळख करून देण्याचे काम त्यांच्याने होत नाही.

खरे नुकसान कुणाचे होते, इकडे आता वळतो, कारण माझ्या मते सगळा वाद इथे ठरतो. धडधाकट तिशीतला माणूस फ्लूमधून आठवड्याभरात उठतो. हृदयविकाराचा रुग्ण, मधुमेही, दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण, गरोदर बाई, साठीपुढची माणसे आणि अगदी तान्ही बाळे यांच्यासाठी तो वेगळाच आजार असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की फ्लूचे निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे सहापट होतो. २०२१ मध्ये आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. ती आठ देशांत झाली होती आणि त्यात बांगलादेशही होता. त्यातले सुमारे अडीच हजार रुग्ण बहुतेक करून हृदयविकाराच्या झटक्यातून सावरणारे होते; त्यांच्यापैकी निम्म्यांना रुग्णालयात असतानाच फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना नुसते सलाइन टोचले. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के. हृदयरोगावरच्या ज्या गोळ्या आपण आयुष्यभर घेतो, त्यांच्या पंक्तीत बसेल असा हा फायदा आहे. तरीही अँजिओप्लास्टी करून घरी निघालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतात, कोलेस्टेरॉलच्या असतात, पथ्याचा कागद असतो आणि लशीचे नाव नसते. नाशिक आता उत्तर महाराष्ट्राचे उपचारकेंद्र झाले आहे. धुळे, नंदुरबार, जळगावहून हृदयाचे रुग्ण इथे येतात. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर ही एक ओळ वाढवायला कुठलाही सरकारी निधी लागत नाही.

गरोदर बाईचे गणित आणखी वेगळे आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला वाचवायचे तर ते पोटात असतानाच आईला लस द्यावी लागते, म्हणजे आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे जातात. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस घेतलेल्या आयांच्या बाळांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. एका टोचणीत दोन जीव. महाराष्ट्राने हे ओळखले होते. २०१५ च्या मोठ्या लाटेनंतर राज्याने गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी रुग्णालयांत मोफत लस देण्याचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय होता. पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही, त्यामुळे ती धनुर्वाताच्या लशीसारखी दर गर्भवतीच्या वाट्याला आपोआप येत नाही. राज्याने खरेदी केली तर येते, पुरवठा वेळेवर झाला तर वेळेवर येते, आणि सुरगाण्यातल्या किंवा पेठमधल्या बाईला ती मोफत मिळते हे कुणी सांगितले तरच ती मागते.

खासगी दवाखान्यात या लशीला दीड-दोन हजार रुपये पडतात. गंगापूर रोडवरच्या चौकोनी कुटुंबाला हा खर्च झेपतो. त्यांची मुले बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्याप्रमाणे वेळच्या वेळी लस घेतात आणि ते योग्यच आहे. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्याच्या घरी मधुमेही आई असेल, तर दोन हजार रुपये हा तिथे विचारच होत नाही. परिणाम असा की या शहरात फ्लूची लस ज्यांना तिची सर्वांत कमी गरज आहे त्यांच्यापर्यंत आधी पोचते.

मुलांना द्यावी का, यावर मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. फ्लू पसरवण्यात शाळकरी मुलांचा वाटा मोठा असतो. जपानमध्ये १९६२ पासून शाळेत मुलांना ही लस देत असत, १९८७ मध्ये सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद पडला. तेव्हा म्हाताऱ्यांचे हिवाळी मृत्यू पुन्हा वाढल्याचे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. मुलांना टोचले आणि आजी-आजोबा वाचले, असा तो निष्कर्ष. पण भारतात, हरयाणातल्या बल्लभगढजवळच्या गावांत २००९ पासून तीन वर्षे जी चाचणी झाली, तिच्यात लस घेतलेल्या मुलांचे संरक्षण पहिल्या वर्षी जेमतेम पाव, दुसऱ्या वर्षी सुमारे ४१ टक्के आणि तिसऱ्या वर्षी जवळपास पाऊण इतके निघाले. न टोचलेल्या गावकऱ्यांना मात्र पहिली दोन वर्षे म्हणावा तसा आडोसा मिळाला नाही. एकच लस, तीच गावे, आणि तीन वर्षांत तीन वेगळे आकडे. या लशीबद्दल बोलताना किती नम्र राहावे लागते ते यावरून कळते. पैसे मर्यादित असतील तर मी आधी गरोदर स्त्रिया, जुन्या आजारांचे रुग्ण, वृद्ध आणि आरोग्य कर्मचारी म्हणेन, मुले नंतर. उद्या याहून स्वस्त लस मिळाली तर हे मत बदलायला हरकत नाही.

आता आकड्यांच्या अंधाराविषयी. २०१५ मध्ये देशात एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूचे ४२,५९२ रुग्ण नोंदले गेले आणि २,९९० मृत्यू. या हिशेबाने शंभरातले सात दगावले असे दिसते आणि लोक घाबरतात. पण सरकारी नियमाप्रमाणे सौम्य रुग्णांची तपासणीच होत नाही. धाप लागलेल्या, रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचाच स्वॅब (नाका-घशातला नमुना) तपासायला जातो. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण फुगलेले दिसते आणि आजाराचा खरा पसारा झाकलेला राहतो. न्यूमोनिया, हृदयविकार किंवा ‘वार्धक्य’ अशी नोंद होऊन गेलेल्या किती मृत्यूंच्या मुळाशी फ्लू होता, हे या पद्धतीत कधीच कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे फ्लूशी निगडित श्वसनविकाराने मरतात. त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा असणारच.

हे बदलायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, मालेगाव आणि सुरगाणा अशा काही ठिकाणच्या सरकारी ओपीडींतून जून ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत, ताप-खोकल्याच्या रुग्णांपैकी ठरावीक जणांचे स्वॅब दर आठवड्याला घ्यायचे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर इथेच, म्हसरूळला आहे. विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, विषय शोधणारे संशोधक आहेत. आणि स्वॅबच्या फॉर्मवर एक रकाना वाढवायचा: या वर्षी फ्लूची लस घेतली का, कोणत्या महिन्यात. तपासलेल्यांपैकी फ्लू निघालेल्यांत किती जणांनी लस घेतली होती आणि फ्लू न निघालेल्यांत किती जणांनी, एवढी तुलना केली की लस नाशिकमध्ये त्या वर्षी किती चालली याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. जगभर हीच रीत वापरतात. आज लहान मुलाच्या लशींची नोंद कार्डावर असते, मोठ्या माणसाच्या फ्लूच्या लशीची सहसा कुठेच नसते. मग ‘उपयोग होतो’ म्हणणारा आणि ‘होत नाही’ म्हणणारा दोघेही ऐकीव गोष्टीवर भांडतात.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पेठ-सुरगाण्यात कुपोषण आहे, क्षयरोग आहे, पावसाळ्यात शहरात डेंग्यू आहे. आरोग्यसेविका त्याच, आशाताई त्याच, पैसा तोच. त्यात निम्मीच चालणारी, दरवर्षी घ्यावी लागणारी लस कशाला? मला हा आक्षेप इतका मान्य आहे की मी सरसकट सगळ्यांना लस द्या असे म्हणत नाही. पण निवडक माणसांच्या बाबतीत तो टिकत नाही. गरोदर बाई तपासणीला केंद्रात येतेच, मधुमेही महिन्याच्या गोळ्या न्यायला येतोच. त्यांना टोचायला वेगळी मोहीम नको, लस आठ अंशांखाली ठेवणारा फ्रिज केंद्रात आधीच आहे. शिवाय फ्लूने भरलेला वॉर्ड हा डेंग्यूच्या आणि क्षयाच्या रुग्णाचा बेडही अडवतो, आणि आजारी पडलेली परिचारिका कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. ऑसेल्टामिवीर ही फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत दिली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर मिळणे हे लशीइतकेच गरजेचे आहे. मात्र धोक्यातला माणूस पहिल्या ४८ तासांत दवाखान्यात पोचेलच, यावर विसंबून राहता येत नाही.

आणि नाशिकसमोर एक तारीख उभी आहे. २०२७ च्या सिंहस्थाची नाशिकमधली अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला आहेत. प्रयाग आणि हरिद्वारचे कुंभ पाऊस नसताना होतात. आपला सिंहस्थ मात्र भर पावसाळ्यात येतो, म्हणजे नेमका फ्लूच्या मुख्य हंगामात. देशभरातून आणि परदेशातून लाखो माणसे रामकुंडाच्या, कुशावर्ताच्या पायऱ्यांवर ओल्या अंगाने खांद्याला खांदा लावून उभी राहतील. तपोवनातल्या साधुग्रामात हजारो साधू तंबूंत महिनोन्‌महिने राहतील, त्यांतले कित्येक वयोवृद्ध. येणारा प्रत्येक गट आपापल्या प्रांतातला विषाणू घेऊन येईल आणि इथला घेऊन जाईल. रस्ते, पूल, घाट, शौचालये यांसाठी हजारो कोटींचे आराखडे आहेत. श्वासातून पसरणाऱ्या आजाराचे नियोजन त्याच गांभीर्याने झाले पाहिजे.

येणाऱ्या सगळ्या भाविकांना लस देणे शक्य नाही, ते कुणी मागतही नाही. पण यजमान शहराला तयार ठेवता येते. सफाई कामगार, पोलीस, होमगार्ड, एसटीचे चालक-वाहक, रुग्णवाहिकांवरचे कर्मचारी, आशा आणि परिचारिका, रामकुंडावरचे पुरोहित, जीवरक्षक आणि स्वयंसेवक. यांचा संपर्क सर्वांत जास्त आणि यांच्याशिवाय सिंहस्थ एक दिवस चालणार नाही. आखाड्यांतल्या साठीपुढच्या साधूंना त्यांच्या महंतांशी बोलून लस देता येईल. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरमध्ये राहणारे मधुमेही, हृदयरोगी आणि गरोदर स्त्रियाही यात हव्यात, कारण गर्दी त्यांच्या दारात येणार आहे. हजला जाणाऱ्या ज्येष्ठ यात्रेकरूंना फ्लूची लस देऊन पाठवण्याची पद्धत आपल्या देशात आहेच. मोठ्या गर्दीच्या आधी लस देणे ही काही नवी कल्पना नाही. खर्चाचा अंदाज करू. अशी ५० हजार माणसे धरली आणि ठोक खरेदीत एका डोसला ७०० रुपये धरले, तर साडेतीन कोटी होतात. सिंहस्थाच्या आराखड्यात ही रक्कम शोधावी लागेल इतकी लहान आहे.

पैशाहून अवघड आहे ते वेळापत्रक. २०२७ च्या एप्रिलमध्ये जी लस हवी, तिच्यातले विषाणू सप्टेंबर २०२६ मध्ये ठरणार. कंपन्या मागणी पाहून उत्पादन आखतात, त्यामुळे मागणी तेव्हाच नोंदवावी लागेल. निविदा जानेवारीच्या आत निघायला हवी आणि तिच्यात दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस असे स्पष्ट लिहिलेले हवे, नाहीतर गोदामातली मागच्या हंगामाची लस स्वस्तात गळ्यात पडेल. एप्रिलच्या मध्यापासून केंद्रांवर टोचणी सुरू व्हावी आणि मेअखेर संपावी. प्रत्येकाला छोटे कार्ड द्यावे, त्यावर तारीख आणि बॅच क्रमांक असावा. जून लागताच स्वॅब घेणे सुरू व्हावे आणि दर आठवड्याचे आकडे प्रभागवार महापालिकेच्या संकेतस्थळावर यावेत, कमी निघाले तरी आणि लस त्या वर्षी कमी चालली असे दिसले तरीही. महापालिकेच्या स्थायी समितीत आणि सिंहस्थाच्या बैठकांत हा विषय मांडणारा एखादा नगरसेवक, एखादा अधिकारी, एखादी डॉक्टरांची संघटना आज पुढे आली, तर हे सगळे अजून वेळेत होऊ शकते.